मूळ वही कुणाची?

कर्नाटकातल्या हुमनाबादच्या एका घरात झालेली ही चर्चा. मामा महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची उमेदवारी हस्तलिखित पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, गेली आणि शेवटची वर्षं 'भूमी' या राज्याच्या संगणकीय जमीन-नोंदींच्या पडद्यासमोर. भाची पुण्यात एका उद्योगसमूहात संगणकप्रणालींची आखणी पाहते. एकाच कामाला चार-चार प्रणाली का उभ्या राहतात आणि त्यांतल्या कोणत्या बंद करता येतील, हे शोधणं तिचं काम. विषय निघाला तो आजोळच्या शेताच्या कागदांवरून. मालकी 'भूमी'त, शेतकऱ्याची ओळख 'फ्रूट्स'मध्ये, पीकविमा 'संरक्षणे' पोर्टलवर, उभ्या पिकाची पाहणी आणखी एका अ‍ॅपात. शेत मात्र एकच.

भाची : मामा, एका शेताच्या इतक्या नोंदी ठेवायला काय लागतं ठाऊक आहे? प्रत्येक नोंदीमागे एक सर्व्हर, देखभालीचं एक कंत्राट, तक्रारीसाठी एक फोन नंबर आणि ते चालवायला शिकवलेली माणसं. हे सगळं दर वर्षी.

मामा : खर्च होतो, नाही म्हणत नाही. पण खातीही तितकीच आहेत की गं. महसूलला मालकी बघायची, कृषीला बियाणं वाटायचं, विमावाल्याला पीक बघायचं. काम वेगळं म्हणून वही वेगळी. यात नवल काय?

भाची : काम वेगळं असू दे. पण सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि मालकाचं नाव प्रत्येक वहीत नव्यानं का लिहायचं? माझ्या मते हा आजार मांडणीचा आहे. कोणती माहिती कुठं राहते, तिला काय म्हणतात, ती दुरुस्त करायचा अधिकार कुणाचा, हे कुणी एकदा बसून ठरवलेलंच नसतं. या कामाला आमच्याकडे माहितीची वास्तुरचना म्हणतात. रिचर्ड सॉल वुर्मन या अमेरिकी वास्तुविशारदानं 1970च्या दशकात ही कल्पना पुढं आणली.

मामा : नाव तर भारदस्त आहे. तुझ्या कंपनीतलं एक उदाहरण दे. मग बघू मांडणीचा आजार आहे की माणसांचा.

भाची : विक्री विभागातल्या माणसाला कळायला हवं असतं, अमुक ग्राहकाला किती उधारी द्यायची. ती मर्यादा वित्त विभागाच्या प्रणालीत असते. पण मेनूत ती कुठल्याशा प्रकल्पाच्या सांकेतिक नावाखाली दडलेली. हा 'उधारी' म्हणून शोधतो, काही सापडत नाही. मग तो एक्सेलची एक शीट करतो. शेजारचे चार जण तीच वापरायला लागतात. काही महिन्यांनी शीट पुरेनाशी होते, म्हणून एखाद्या पुरवठादाराकडून लहानसं अ‍ॅप करून घेतात. त्या अ‍ॅपाला सर्व्हर लागतो, बॅकअप लागतो, सुरक्षेची तपासणी लागते, हेल्पडेस्क लागतो. आता ग्राहकांची यादी दोन ठिकाणी झाली. एकीत पत्ता बदलला तरी दुसरीत जुनाच. मग दोन्ही जुळवायला तिसरी प्रणाली विकत घेतात. मी बंद करायला गेले की जो तो सांगतो, आमची बंद केलीत तर महिनाअखेर अडेल. आणि ते खोटंही नसतं.

मामा : म्हणजे सुरुवात झाली ती असलेली गोष्ट सापडली नाही म्हणून.

भाची : अगदी तेच. आहे पण सापडत नाही, ती सेवा वापरणाऱ्याच्या लेखी नसतेच. पैसे मात्र तिचेही भरायचे आणि तिच्या जागी केलेल्या नवीचेही.

मामा : इथंच माझं तुझ्याशी जमत नाही. तुझा तो विक्रीवाला वित्तवाल्याला फोन करून विचारू शकला असता की. का नाही विचारलं? विचारलं की मिंधेपणा आला, उशीर आला. स्वतःची यादी असली की कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. कचेरीत मी जन्मभर हेच बघितलं. दुसऱ्या खात्याच्या वहीवर विसंबून सही करायला कुणी तयार नसतो, कारण चूक निघाली की नोटीस सही करणाऱ्याला येते, वही लिहिणाऱ्याला नाही. म्हणून समोर दिसणारी वहीसुद्धा बाजूला सारून माणूस आपली नवी घालतो. तुझी मांडणी कितीही सुबक असू दे.

भाची : तुमच्या बाजूनं बोलणारा एक जण आहे. मेल्विन कॉनवे. 1968 साली त्यानं लिहून ठेवलं की संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तसाच आकार तिनं घडवलेल्या प्रणालीला येतो.

मामा : बघ, म्हणजे साठ वर्षांपूर्वीच निकाल लागला.

भाची : अर्धाच लागला. खाती बोलत नाहीत म्हणून वह्या वेगळ्या होतात, हे त्याचं म्हणणं. पण वह्या वेगळ्या झाल्या की खात्यांना बोलायची गरजही उरत नाही, हा दुसरा अर्धा भाग. 2018ची कर्जमाफी आठवा.

मामा : न आठवून कसं चालेल! कुमारस्वामींचं सरकार. बँकेत आणि सोसायटीत स्वयंघोषणापत्र भरून द्यायचं, त्यात आधार, रेशनकार्ड आणि सर्व्हे नंबर. रांगा लागल्या होत्या.

भाची : कर्ज किती, हे बँकेला माहीत होतं. जमीन कुणाची, हे भूमीला माहीत होतं. कुटुंबात कोण कोण, हे रेशनच्या यादीला माहीत होतं. तिन्ही माहिती आधीच गोळा झालेली होती. एकीला दुसरीशी जोडणारा धागा तेवढा नव्हता आणि त्या धाग्याचं काम शेतकऱ्यानं रांगेत उभं राहून केलं.

मामा : हे मात्र मानतो. पण मग फ्रूट्स आलं ना? एफआयडी नावाचा एकच क्रमांक. कृषी, बागायत, रेशीम, पशुसंवर्धन, बँक, हमीभावाची तूर खरेदी, सगळ्यांनी तोच विचारायचा. तुझ्या मनासारखं झालं.

भाची : बरंचसं झालं. आणि त्याखाली भूमीसारखा पाया होता म्हणून झालं. भूमी नसती तर फ्रूट्सही आणखी एक यादी होऊन बसलं असतं. तुम्ही तर दोन्ही काळ पाहिलेत.

मामा : पाहिले. भूमीच्या आधी राज्यात 9,000च्या आसपास ग्राम लेखापाल होते आणि पहाणी त्यांच्या बस्त्यात. नक्कल पाहिजे तर आधी त्याला गाठायचं. तो भेटला तर त्याची मर्जी, मग त्याचा हात ओला करायचा. 2000च्या आगंमागं सुमारे 67 लाख खातेदारांच्या 2 कोटी पहाण्या संगणकावर चढल्या आणि तालुक्याच्या खिडकीवर 15 रुपयांत नक्कल मिळायला लागली. फेरफार करणाऱ्यानं बोटाचा ठसा दिल्याशिवाय यंत्र उघडायचं नाही. आमच्यातल्या काहींचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे झाले होते.

भाची : आणि हस्तलिखित नकलेला त्यानंतर कायद्यानं किंमत उरली नाही. मामा, भूमीचं खरं यश मला या एका निर्णयात दिसतं. यंत्र तर कुणीही विकत आणतं. नवी वही सुरू करताना जुनी चालती वही बंद केली, हे फार थोड्यांना जमतं. दोन्ही चालू ठेवल्या असत्या तर आज प्रत्येक शेताच्या दोन पहाण्या असत्या आणि त्या जुळवायला तिसरं पोर्टल.

मामा : तो निर्णय निघाला कारण राजीव चावलांसारखा अधिकारी मागे लागलेला होता आणि वर सरकार त्याच्या पाठीशी होतं. म्हणजे पुन्हा अधिकाराचीच गोष्ट झाली, मांडणीची नव्हे.

भाची : अधिकारानं केलं काय, तर मूळ वही कोणती ते ठरवलं. मी मांडणी म्हणते ती याच ठरवण्याला. पडद्यावर रकाने कुठं काढायचे, हा नंतरचा भाग.

मामा : ठीक आहे. आता माझं एक ऐक. 1 नोव्हेंबर 1956ला आपला बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याकडे. जहीराबाद, नारायणखेड आंध्राकडे. तोवर सगळ्यांचं दफ्तर निजामाच्या वळणाचं. सेतवार, खासरा पहाणी, फैसलपट्टी, एकच भाषा, एकच नमुने. आज आमच्याकडे भूमी, उदगीरला महाभूलेखचा सातबारा आणि हायवेनं हैदराबादकडे निघालं की आता तेलंगणात असलेल्या जहीराबादला 2020 साली धरणी ही जमीन-नोंदींची प्रणाली आली. तू म्हणतेस तशी एकसंध वही यांत सगळ्यात जास्त कुणी केली? तेलंगणानं. नोंदणी आणि फेरफार एकाच बैठकीत, तहसीलदारच नोंदणी अधिकारी, गावपातळीवरची ग्राम महसूल अधिकाऱ्यांची (व्हीआरओ) पदं रद्द. मांडणी म्हणून बघितली तर बक्षीस देण्यासारखी. पुढं काय झालं?

भाची : चूक दुरुस्त करायची वाट अरुंद निघाली.

मामा : नाव चुकलं, क्षेत्र कमी लागलं, शेत वादातल्या भागात गेलं, तर शेतकऱ्यानं जायचं कुठं? तहसीलदाराच्या हातातले दुरुस्तीचे अधिकार काढून घेतलेले. वर जिल्हाधिकारी, नाहीतर दिवाणी कोर्ट. त्या वेळी लोकांना आधार कशाचा वाटला? 1954-55च्या खासरा पहाणीचा, पिवळ्या पडलेल्या कागदाचा. शेवटी सरकार बदललं, नवा कायदा झाला आणि 14 एप्रिल 2025ला धरणीच्या जागी भू भारती आली, अपिलाची सोय घेऊन. एकच वही असली की चूकही एकच होते, पण ती सगळीकडे एकदम होते. दहा वह्या असल्या तर एकीतली चूक दुसरी दाखवून देते. गरिबाला ती दुसरी वही वाचवते.

भाची : धरणीचं दुखणं वही एक केल्याचं नव्हतं. वहीसोबत दुरुस्तीचा दरवाजा ठेवला नाही, ते दुखणं होतं. आणि ती मांडणीतलीच चूक.

मामा : छान! बरं झालं ते मांडणीमुळं, वाईट झालं तेही मांडणीमुळं. असा वाद कोण जिंकणार तुझ्याशी?

भाची : बरं, नीट फोड करून सांगते. खासरा पहाणी ही साक्ष आहे. तिच्यावर साल आहे, ती मिटलेली आहे, तिच्यात आज कुणी नवं लिहीत नाही. अशा साक्षी हव्या तितक्या जपा. त्यांना ना हेल्पडेस्क लागतो, ना देखभालीचं कंत्राट. माझं भांडण आहे ते रोज चालू असलेल्या नकलेशी. तिच्यात आजही नवं लिहिलं जातं, तिच्यावरून आजही निर्णय होतात आणि ती मूळ असल्यासारखी मिरवते. खर्च तीच वाढवते आणि शेतकऱ्याला हेलपाटे घालायला तीच लावते.

मामा : ही फोड बरी आहे. पण सीमेवरच्या आपल्या माणसाची अडचण तुझ्या वहीत बसते का बघ. समज, माणिकराव नावाचा शेतकरी. आजोबांच्या कागदावर नाव उर्दूत. पहाणीत कन्नडमध्ये, तिथं 'माणिकराव' एका शब्दात. आधारवर इंग्रजीत, तिथं 'माणिक' आणि 'राव' सुटे. बँकेत 'माणिकप्पा', कारण खातं उघडणाऱ्यानं कानाला लागलं तसं लिहिलं. तुझ्या यंत्राला ही चार माणसं. गावात विचार, शेंबडं पोरही सांगेल की हा एकच.

भाची : म्हणूनच नावावर जुळवायचं नसतं. क्रमांक त्यासाठीच लागतो.

मामा : क्रमांक तरी एक आहे का? आधार आहे, एफआयडी आहे, राज्याच्या 'कुटुंब' यादीचा आहे, जमिनीला वेगळा चौदा आकडी भू-आधार आहे. बसवकल्याणच्या पुढं सीमा ओलांडून उमरग्याकडे ज्याचं आणखी थोडं रान आहे, त्याला महाराष्ट्राचा शेतकरी ओळख क्रमांक वेगळा. वह्या एक करायला निघालात आणि क्रमांकांचं गाठोडं करून बसलात.

भाची : हे खरं आहे, आणि कंपन्यांतही असंच होतं. जुळवणीसाठी केलेली यादी आणखी एक यादी म्हणून शिल्लक राहते. पण क्रमांक अनेक असणं हा दोष नव्हे. शेताला एक, माणसाला एक, कुटुंबाला एक असणारच, कारण त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच गोष्टीला दोन क्रमांक पडले की गोंधळ सुरू होतो. जिथं नीट बसलंय तेही बघा. महसूलच्या नाडकचेरीतून जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला काढला की त्यावर आरडी क्रमांक असतो. राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर पोरानं तो क्रमांक घातला की तपशील तिथूनच तपासला जातो. शिष्यवृत्तीवाल्यांनी उत्पन्नाची स्वतःची वही घातली नाही. ज्याची नोंद त्यानं ठेवावी, बाकीच्यांनी क्रमांक विचारावा.

मामा : आणि उत्पन्न चुकीचं लिहिलं असेल तर पोराची शिष्यवृत्ती गेली, रेशनकार्डही अडचणीत. माझा मुद्दा तिथंच येऊन थांबतो. फ्रूट्सचंही तसंच. 2023च्या दुष्काळात मदतीचे पैसे त्याच यादीवरून खात्यात गेले. चांगलं झालं, मधला माणूस गेला. पण बटईनं करणाऱ्याचं नाव त्या शेतावर नाही. सासऱ्याच्या नावावरची जमीन जी विधवा कसते, तिचा वारसा फेरफार झालेला नाही. मूळ वहीत ज्यांना जागा नाही, त्यांना तुझ्या पद्धतीत कुठंच जागा नाही.

भाची : त्यांची नोंद करणारी वहीच नाही, हे म्हणणं बरोबर आहे. पण त्याचा इलाज म्हणून मालकीच्याच सात वह्या ठेवल्या तर त्यांना काय मिळणार? सातही वह्या मालकाचंच नाव सांगतील. शेत कोण कसतो, ही वेगळी माहिती आहे. तिच्यासाठी एक वही हवी आणि ती नाही. मला हे फार वेळा दिसतं. एकच गोष्ट पाच ठिकाणी लिहिलेली असते आणि जी लिहायला हवी ती कुठंच नसते, कारण सगळा पैसा आणि सगळी माणसं त्या पाच नकला सांभाळण्यात अडकलेली.

मामा : हे पटलं. आता एकखिडकीचं बोल. 2012ला अटलजी जनस्नेही केंद्र, 2016ला पंचायतीत बापूजी सेवा केंद्र, 2018ला सेवा सिंधु, 2022ला गावोगाव ग्राम वन. प्रत्येक वेळी सांगितलं, आता सगळं एकाच ठिकाणी. लोक मला विचारतात, साहेब, यातली नेमकी एक खिडकी कोणती?

भाची : कंपनीत याला आम्ही 'युनिफाइड पोर्टल' म्हणतो आणि दर तीन-चार वर्षांनी नवा अधिकारी आला की नवं करतो. आत वह्यांचा घोळ तसाच ठेवून वर खिडकी बसवली की घोळ झाकला जातो, मिटत नाही. वर ती खिडकीही आणखी एक सेवा म्हणून सांभाळावी लागते. ब्रिटननं 2012च्या ऑक्टोबरात जीओव्ही डॉट यूके सुरू केलं, तेव्हा डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक या दोन मोठ्या साइट त्याच दिवशी त्यात विलीन करून थांबवल्या आणि पुढं खात्यांच्या शेकडो साइट एकेक करून आत घेतल्या. मांडणीही खात्यांच्या नावानं केली नाही. माणूस कोणतं काम घेऊन येतो, त्यावर केली. नवी खिडकी उघडताना जुनी बंद करायची तारीख ठरलेली होती.

मामा : तारीख कुणी ठरवायची, हाच तर प्रश्न. आपलं कार्यालय बंद करा म्हणून कोण अर्ज करतो?

भाची : कुणी करत नाही. म्हणून एस्टोनियानं ते माणसांच्या भल्या मनावर सोडलं नाही. तिथल्या सार्वजनिक माहितीच्या कायद्यातच लिहिलंय की एकच माहिती गोळा करायला वेगवेगळे माहितीसाठे उभारायला मनाई आहे. खात्यांचे साठे एकमेकांशी बोलतात ते एक्स-रोड नावाच्या व्यवस्थेतून, 2001पासून. साठा ज्याचा त्याच्याकडेच राहतो. दुसऱ्याला हवं तेवढं तो विचारून घेतो.

मामा : लहान देश आहे तो. तेरा-चौदा लाख माणसं, आपल्या बीदर जिल्ह्याहून कमी. पण कायद्याची युक्ती चांगली आहे. आमच्याकडे मी ती अशी लावीन. कुठल्याही खात्याला नवी यादी करायची असेल तर आधी एका पानावर लिहून द्यायचं. जुनी कोणती यादी पाहिली, ती का पुरत नाही आणि ही सुरू झाल्यावर कोणती बंद होणार. खाली सही. सही आली की माणूस विचार करून लिहितो, हा माझा अनुभव.

भाची : कंपनीत मी हेच अंदाजपत्रकाला जोडेन. ते पान नसेल तर पैसे नाहीत. पण त्यासाठी आधीच्या सगळ्या याद्यांची एक यादी लागते, आणि ती साध्या शब्दांत लागते. विक्रीवाल्याला 'उधारी' म्हणून शोधल्यावर सापडेल अशी.

मामा : आणि माझी अट त्याच्याही आधी. वही एक करायच्या अगोदर दुरुस्तीची मुदत ठरव.

भाची : वही एक झाल्याशिवाय दुरुस्ती कुठल्या वहीत करायची, तेच ठरत नाही. मग मुदत कसली घालणार?

मामा : तर दोन्ही एकाच हुकमात घाल. 2012पासून आपल्याकडे सकाला कायदा आहे. दाखला इतक्या दिवसांत, फेरफार इतक्या दिवसांत, नाही दिला तर अधिकाऱ्याला जाब. मूळ नोंदीच्या दुरुस्तीलाही तशीच मुदत घाल. वर एक कलम जोड. मूळ वहीत दुरुस्ती झाली म्हणून अर्ज निकाली काढायचा नाही. त्या नोंदीवर चालणाऱ्या प्रत्येक खात्यात ती पोचली, असा शेरा आल्यावरच निकाली.

भाची : मामा, एवढं एक कलम आलं तर प्रत्येक खात्याला आपल्या नकला कुठं कुठं पडल्या आहेत ते शोधून काढावंच लागेल. ज्या नकलेत दुरुस्ती पोचवणं जड जाईल, ती ठेवण्यापेक्षा सोडून देणं त्यांना स्वस्त वाटेल. मी वर्षानुवर्षं बैठका घेऊन जे पटवते आहे, ते हे कलम आपोआप करील.

मामा : आपोआप काही होत नसतं गं. पण मुदत सुटली की पगारातून दंड जातो, एवढं कळलं की शोधाशोध सुरू होते.

भाची : मग बंद करायच्या वह्यांची यादी मी लिहून देते.

मामा : लिही. खाली सही मात्र त्या त्या खात्याची घे. आणि बंद केलेली प्रत्येक वही तारीख घालून रेकॉर्ड रूममध्ये नीट ठेव. पुढं कधीतरी एखाद्याला तीच साक्ष काढावी लागेल.